वाचकांचे प्रश्न : अ‍ॅक्रिलिक नखं बसवताना

या अंकासाठी आलेल्या पत्रांत अ‍ॅक्रिलिक नखांच्या तक्रारी सगळ्यांत जास्त आहेत. ही नखं म्हणजे लिक्विड आणि पावडर ब्रशवर मिसळून खऱ्या नखावर चढवलेला कडक थर. नखं सुटतात, पिवळी पडतात, मऊ राहतात, मधोमध मोडतात. तक्रारी वेगवेगळ्या दिसत असल्या तरी बऱ्याच जणींची गाडी दोनच ठिकाणी अडते: नखाची पूर्वतयारी आणि लिक्विड-पावडरचं प्रमाण. म्हणून या दोन विषयांवरची उत्तरं जरा लांबली आहेत.

प्रश्न : मी अ‍ॅक्रिलिक लावल्यावर बोटं जेल पॉलिशच्या दिव्याखाली २ मिनिटं धरते. तरीही कधी कधी थर मऊ राहतो, दाबला की खूण उमटते. दिवा कमी वॉटचा असल्यामुळे असं होतं का?

दिव्याचा इथे काही संबंधच नाही. लिक्विड-पावडरचं अ‍ॅक्रिलिक प्रकाशाने घट्ट होत नाही. पावडरमध्ये थोडंसं बेंझॉइल पेरॉक्साइड मिसळलेलं असतं. लिक्विड म्हणजे मोनोमर. चांगल्या उत्पादनात ते मुख्यतः इथाइल मेथाक्रिलेट असतं आणि त्यात पेरॉक्साइड फोडणारं एक अमाइन असतं. ब्रशवर दोन्ही एकत्र आले की पेरॉक्साइड फुटतं आणि मोनोमरचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळ्या तयार होऊ लागतात. पावडरचे दाणे त्या साखळ्यांत गुंतून पक्के बसतात. हे सगळं खोलीच्या तापमानाला, आपोआप होतं. जेल आणि पॉलीजेलमध्ये मात्र प्रकाशाने जागं होणारं रसायन असतं, त्यामुळे त्यांना दिवा लागतोच. अ‍ॅक्रिलिकवर जेलचा टॉपकोट लावणार असाल तर दिवा फक्त त्या टॉपकोटसाठी.

तुमचा थर मऊ राहतो तो बहुधा मणी, म्हणजे ब्रशच्या टोकाशी गोळा होणारा लिक्विड-पावडरचा थेंब, फार ओला घेतल्यामुळे. लिक्विड जास्त झालं की पावडरमधलं पेरॉक्साइड त्याला पुरत नाही. काही मोनोमर न जुळताच थरात अडकून पडतो. दुसरं कारण म्हणजे एका कंपनीचं लिक्विड आणि दुसरीची पावडर. प्रत्येक कंपनी पेरॉक्साइडचं प्रमाण स्वतःच्या लिक्विडला जुळवून ठरवते. जोडी मोडली की नख कधी मऊ, कधी ठिसूळ, कधी पिवळं होतं. बाटली संपली म्हणून हाताशी असेल ते लिक्विड वापरू नका, त्याच जोडीतलं आणा. खोली थंड असेल तर क्रिया नुसती मंदावते. साधारण २० ते २४ अंश सेल्सियस तापमान सोयीचं असतं.

नीट घेतलेला मणी ३ ते ५ मिनिटांत फाइल करण्याइतका घट्ट होतो. ब्रशच्या दांडीने नखावर टिचकी मारा. कोरडा ‘टक्’ आवाज आला तर फाइल घ्या. आवाज बोदा आला तर थांबा. पण ‘टक्’ वाजलं म्हणजे सगळं संपलं असंही नाही. आतली जोडणी पुढचे २४ ते ४८ तास हळूहळू चालू असते, म्हणून पहिल्या दिवशी नखांवर जोर येईल अशी कामं आणि गरम पाण्यात हात भिजवणं टाळावं.

प्रश्न : मण्याचं प्रमाण बरोबर आहे हे ओळखायचं कसं? कुणी म्हणतं ओला घ्या, कुणी म्हणतं कोरडा.

आकारमानाने पाहिलं तर दीड भाग लिक्विडला एक भाग पावडर हे प्रमाण बहुतेक उत्पादनांना मानवतं. पण कुणी मापून घेत नाही. ते डोळ्यांनीच ओळखावं लागतं. ते असं.

ब्रश लिक्विडमध्ये पूर्ण बुडवा आणि भांड्याच्या तळाशी हलकेच दाबून केसांतली हवा बाहेर काढा. मग काठावर पुसून जादा लिक्विड निथळू द्या. किती पुसायचं हे मणी केवढा हवा त्यावर ठरतं: मोठ्या मण्यासाठी एकच बाजू, लहान मण्यासाठी दोन्ही बाजू. आता फक्त टोक पावडरला टेकवून छोटी रेघ ओढा. मणी गोळा झाला की लगेच नखाकडे नेऊ नका, दोन-तीन सेकंद थांबा; तेवढ्यात पावडर लिक्विड शोषून घेते. मणी गोल आणि तुकतुकीत दिसला पाहिजे, वरून दाणेदार नको, आणि ब्रश उलटा केला तरी गळता कामा नये.

खरी परीक्षा नखावर होते. बरोबर मणी ठेवल्यावर सावकाश पसरतो, पण त्याची कड दिसत राहते. ओला मणी पाण्यासारखा कडेच्या त्वचेकडे पळतो. कोरडा मणी ठेवला तसाच बसून राहतो, पृष्ठभाग खरखरीत दिसतो, आणि ब्रशने ढकलावं तर ओरखडे उठतात. सराव करायचा असेल तर प्लॅस्टिकच्या टिपवर, म्हणजे नख लांब करायला चिकटवतात त्या तयार टोकावर, नुसते मणी ठेवत बसा. एका बैठकीत तीसचाळीस मणी ठेवले की हात आपोआप ओळखू लागतो, आणि ही सवय लागल्याशिवाय खऱ्या नखावर जाण्यात अर्थ नाही.

एका नखाला सहसा तीन मणी लागतात. पहिला, सगळ्यांत मोठा, टोकाकडे. तो टोकाचा भाग आणि टिपचा सांधा झाकतो. दुसरा मध्यम मणी नखाच्या मध्यावर. नख जिथे वाकतं तिथे हाच उंचवटा ताकद देतो, म्हणून तो चेपून सपाट करू नका. तिसरा लहान आणि किंचित ओला, क्युटिकलजवळ, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या त्वचेच्या कडेजवळ. तो त्वचेपासून साधारण १ मिलिमीटर अलीकडे ठेवा आणि ब्रशच्या पोटाने दाबत दाबत कडेला कागदासारखा पातळ करा. रंग लावल्यासारखे फटकारे मारू नका. आधी दाबून पसरवा, मग एक-दोन हलके हात मागून पुढे फिरवा. प्रत्येक मण्यानंतर ब्रश टिश्यूवर पुसून पुन्हा लिक्विडमध्ये बुडवा, नाहीतर केसांत उरलेलं अ‍ॅक्रिलिक तिथेच घट्ट होतं.

प्रश्न : आठवडाभरात क्युटिकलजवळून नखं सुटायला लागतात. प्रायमर दोनदा लावते, तरी तेच.

दोनदा लावता हेच आधी बंद करा. प्रायमर म्हणजे पकड यावी म्हणून आधी नखाला लावायचा द्रव, तो गोंद नाही. तो जास्त झाला की नख आणि अ‍ॅक्रिलिक यांच्यामध्ये त्याचाच एक कमकुवत थर तयार होतो, आणि वरचं अ‍ॅक्रिलिक पिवळं पडण्याचंही ते एक कारण आहे.

क्युटिकलजवळून सुटणाऱ्या नखांत सगळ्यांत आधी तपासायची गोष्ट म्हणजे नखावर चिकटून वाढणारा मृत त्वचेचा पारदर्शक पापुद्रा. तो नुसता डोळ्यांना दिसत नाही. क्युटिकल मागे सारल्यावर पुशर नखाच्या पृष्ठभागावर हलक्या हाताने गोल फिरवला की पांढरी भुकटी निघते, तोच तो. हा पापुद्रा राहिला तर अ‍ॅक्रिलिक नखाला न चिकटता त्याला चिकटतं आणि नख वाढताना त्याच्यासकट उचललं जातं. मात्र नखाच्या मुळाशी असलेली जिवंत घडी कापू नका. ती जंतूंना अडवते.

पुढचा क्रम असा ठेवा. तयारीआधी हात पाण्यात भिजत ठेवू नका. नख पाणी शोषून फुगतं आणि नंतर कोरडं होताना आकसतं, त्या ताणानेच कडा सुटतात. हात धुऊन नीट कोरडे करा. क्युटिकल रिमूव्हर वापरला असेल तर तो पूर्ण धुऊन काढा, कारण त्याचा अंश राहिला तर पकड बिघडते. २४० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे खरखरीतपणाचा आकडा, जितका मोठा तितकी घासणी बारीक) बफरने किंवा १८० ग्रिटच्या फाइलने अगदी हलक्या हाताने, नखाच्या वाढीच्या दिशेने, फक्त चकाकी काढा. कोपरे आणि क्युटिकलची कड राहून जाते, ती मुद्दाम बघा. नख खरवडून पातळ केलं की पकड वाढते असं समजतात, पण तसं होत नाही. पातळ नख जास्त वाकतं आणि वरचं कडक अ‍ॅक्रिलिक त्याच्याबरोबर वाकत नाही, म्हणून ते अधिकच सुटतं.

धूळ कोरड्या ब्रशने झटका, फुंकू नका. मग नखावरचं तेल आणि ओलावा घालवणारा डिहायड्रेटर लावा आणि तिथून पुढे नखाला बोट लावू नका; बोटाचं तेल एका स्पर्शात परत येतं. शेवटी प्रायमर: ब्रश बाटलीच्या तोंडाशी पुसून नखाच्या मध्यावर एक ठिपका, तो स्वतःच पसरतो. अ‍ॅसिड प्रायमर असेल तर तो खडूसारखा पांढरा पडेपर्यंत थांबा. त्यात मेथाक्रिलिक अ‍ॅसिड असतं आणि त्वचेला लागलं तर भाजतं, तेव्हा कडेला जाऊ देऊ नका. अ‍ॅसिडविरहित प्रायमर मात्र चमकदार आणि थोडा चिकट राहतो, तो पांढरा पडण्याची वाट बघू नका.

इतकं करूनही सुटत असेल तर तिसऱ्या मण्याकडे बघा. अ‍ॅक्रिलिक त्वचेला किंवा क्युटिकलला टेकलं असेल, किंवा तिथे थर जाड राहून पायरी झाली असेल, तर ते सुटणारच. सुटलेल्या भागाखाली ग्लू कधीही घालू नका. आत अडकलेला ओलावा तिथेच कोंडला जातो. सैल भाग फाइलने काढा आणि तिथे नव्याने भरा.

प्रश्न : नख नेहमी मधोमध आडवं मोडतं. थर जाड केला तरी फरक नाही.

जाडी सगळीकडे वाढवून उपयोग नाही, ती योग्य जागी हवी. नैसर्गिक नख जिथे बोटापासून सुटून पुढे निघतं त्या पट्ट्यावर सगळा ताण येतो. बाजूने पाहिलं तर सर्वांत उंच भाग तिथून थोडा मागे असायला हवा आणि तिथून क्युटिकलकडे व टोकाकडे उतार हवा. टोक बँकेच्या कार्डाइतकं जाड पुरे. फाइल करताना वरचा उंचवटा घासून सपाट होतो, ही सर्रास होणारी चूक. कडा आणि टोक आधी घासा, मधल्या भागाला शेवटी हात लावा.

टिप वापरत असाल तर तीही तपासा. ती नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पुरली पाहिजे. दोन मापांच्या मध्ये नख येत असेल तर मोठी घेऊन कडा घासा. लहान टिप दाबून बसवली की ती सतत परत फाकू पाहते. ४५ अंशांत टेकवून हळूहळू खाली आणा म्हणजे हवा बाहेर जाते, आणि ५ ते १० सेकंद धरून ठेवा. आत पांढरे बुडबुडे दिसले तर काढून परत लावा. नैसर्गिक नखाचा एक तृतीयांश ते निम्मा भाग टिपने झाकावा, त्याहून जास्त नको.

आणि तीन आठवडे झाले की मुळाशी वाढून मोकळी झालेली जागा भरून घ्या. बोटाचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे तीन आठवड्यांत उंचवटा सुमारे २ मिलिमीटर पुढे सरकतो आणि ताणाची जागा उघडी पडते.

प्रश्न : थरात बुडबुडे आणि पांढरट धुकं दिसतं. पावडर खराब झाली का?

बुडबुडे बहुतेक वेळा ब्रशमुळे येतात: बुडवताना हवा न काढणं, मणी नखावर पुन्हा पुन्हा थोपटणं, किंवा घट्ट होऊ लागलेल्या थरावर हात फिरवणं. पांढरं धुकं किंवा स्फटिकांसारखी नक्षी दिसली तर ती थंडीची खूण समजा. थंड खोलीत, थंड बोटांवर किंवा पंख्याच्या थेट झोतात मणी फार ओला असेल तर त्यातलं लिक्विड जुळण्याआधी उडू लागतं आणि पृष्ठभाग आणखी थंड होतो. हात चोळून उबदार करा, पंख्याचा झोत वळवा, मणी थोडा कोरडा घ्या. बाटल्या फ्रिजमध्ये ठेवू नका.

प्रश्न : मी मैत्रिणींची नखं करते. काही दिवसांपासून बोटांच्या टोकांना खाज येते, बारीक पुटकुळ्या उठतात. हातमोजे घालते, मास्कही लावते.

काम आजच थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. त्यांना ‘मेथाक्रिलेट’ हा शब्द सांगा, म्हणजे पॅच टेस्ट नेमकी करता येईल. ही लक्षणं मेथाक्रिलेटच्या अ‍ॅलर्जीशी जुळतात. ती कित्येक महिने किंवा वर्षं बिनत्रास काम केल्यावरही सुरू होते आणि एकदा झाली की सहसा आयुष्यभर राहते. पापण्या आणि चेहरा सुजण्यापर्यंतही ती जाऊ शकते. दातांत भरायचं साहित्य आणि हाडांच्या शस्त्रक्रियेत वापरलं जाणारं सिमेंट याच रसायनांच्या कुटुंबातलं असतं. नखांपुरता वाटणारा त्रास उद्या दवाखान्यात आडवा येऊ शकतो, म्हणून याकडे दुर्लक्ष करू नये असं आम्ही पोटतिडकीने सांगतो.

हातमोज्यांवर भिस्त ठेवू नका. नायट्राइलमधूनही मोनोमर काही मिनिटांत आरपार जातो. शिंतोडा उडाला की मोजा लगेच बदलायचा. धुळीचा मास्क भुकटी अडवतो, वाफ अडवत नाही. त्यासाठी टेबलावरच, चेहऱ्यापासून दूर हवा खेचणारं, सक्रिय कोळशाचा फिल्टर असलेलं यंत्र हवं. हात स्वच्छ असले तरी त्वचेला लागलेलं ओलं अ‍ॅक्रिलिक पुसायला लिक्विडचा ब्रश वापरणं, बोटांनी ब्रशचं टोक काढणं आणि पूर्ण घट्ट न झालेलं नख घासणं, या सवयींतून संपर्क होतच राहतो. घट्ट न झालेल्या नखाच्या भुकटीत न जुळलेला मोनोमर असतो. ज्या मैत्रिणींची नखं करता त्यांनाही हाच धोका आहे.

युरोपीय संघाने २०२० च्या नियमाने जेल आणि प्रायमरमध्ये आढळणारं ‘हेमा’ हे रसायन असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिकांसाठी ठेवली आणि त्यांवर अ‍ॅलर्जीचा इशारा छापणं बंधनकारक केलं, ते याच कारणाने.

प्रश्न : ‘एमएमए’ असलेलं लिक्विड कसं ओळखावं?

बाटलीवरची घटकांची यादी वाचा. मिथाइल मेथाक्रिलेट लिहिलं असेल तर घेऊ नका, इथाइल मेथाक्रिलेट हवं. यादीच नसेल तरी घेऊ नका. अमेरिकेच्या एफडीएने १९७० च्या दशकातच १०० टक्के एमएमए असलेल्या नखांच्या उत्पादनांविरुद्ध कारवाई केली होती. एमएमएचं नख इतकं ताठ असतं की कुठे अडकलं तर ते मोडत नाही, खालचं खरं नख फाटतं. वास नेहमीपेक्षा खूपच उग्र, घासायला अतिशय कठीण, आणि अर्धा तास अ‍ॅसिटोनमध्ये ठेवूनही मऊ होत नाही, अशी नखं असतील तर संशय घ्यावा.

प्रश्न : सुटलेल्या भागाखाली हिरवा डाग दिसतो. वरून भरून घेऊ का?

नाही. ती बुरशी नसून सुडोमोनास हा जीवाणू असतो आणि अडकलेल्या ओलाव्यात तो वाढतो. अ‍ॅक्रिलिक पूर्ण काढा, नख कोरडं ठेवा, त्या बोटाला वापरलेली फाइल आणि बफर फेकून द्या. दुखत, सुजत असेल किंवा नख उचललं जात असेल तर डॉक्टरांकडे जा. जीवाणू गेल्यावरही डाग नखाबरोबर वाढूनच जातो आणि पूर्ण नख बदलायला साधारण सहा महिने लागतात. तोवर त्या नखावर काहीही लावू नका.

प्रश्न : अ‍ॅक्रिलिक काढल्यावर नख कागदासारखं होतं. काढायची बरोबर पद्धत कोणती?

नख कमजोर होतं ते मुख्यतः उपटल्यामुळे. अ‍ॅक्रिलिक ओढून काढलं की नखाचे वरचे पापुद्रे त्याच्याबरोबर निघतात.

आधी लांबी कापा. मग १०० किंवा १८० ग्रिटने टॉपकोट आणि बराचसा थर घासून पातळ करा, खरं नख लागायच्या आत थांबा. भोवतीच्या त्वचेला तेल किंवा व्हॅसलिन लावा. शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून फॉइल गुंडाळा आणि २० ते ३० मिनिटं उघडू नका. खिडकी उघडी हवी. जवळपास गॅस, उदबत्ती, मेणबत्ती काही नको. अ‍ॅसिटोनची वाफ सहज पेट घेते, आणि अ‍ॅसिटोन आगीवर तर कधीच गरम करू नये. मोनोमरही ज्वलनशील असतो, त्यालाही हाच नियम.

एका वेळी एकच बोट उघडा, कारण हवा लागली की मऊ झालेलं अ‍ॅक्रिलिक काही क्षणांत परत कडक होतं. लाकडी काडीने जेवढं सरकेल तेवढंच सारा. जोर लावावा लागला तर ते अजून सुटलेलं नाही. परत गुंडाळा, ५ ते १० मिनिटं थांबा. उरलेला पातळ थर २४० च्या बफरने काढा, हात धुवा आणि नखांना तेल चोळा.

प्रश्न : ब्रशचे केस ताठ झाले आहेत. अ‍ॅसिटोनमध्ये ठेवू का?

तुमचा ब्रश कोलिन्स्की या प्राण्याच्या केसांचा असेल तर ते केस नैसर्गिक असतात. अ‍ॅसिटोन, साबण आणि पाणी यांनी ते कोरडे पडून फाकतात. थोड्या लिक्विडमध्ये ब्रश तासभर बुडवून ठेवा आणि मऊ झालेलं अ‍ॅक्रिलिक टिश्यूवर ओढून काढा. बोटांनी चिमटू नका. ते लिक्विड बाटलीत परत ओतू नका. टिश्यूत जिरवून, झाकण असलेल्या डब्यात टाका. ब्रश आडवा ठेवा. टोक वर करून ठेवला तर लिक्विड मुळाशी उतरतं आणि केस तिथे अडकतात.